कॅनॉपीची फ्रेम मागच्या डाव्या कोपऱ्यात ६ मिमी वर राहते

अमळनेरकर:
नमस्कार मंडळी. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षांपासून दोन सीटचं विमान बांधतोय. पंख झाले, शेपूट झाली, आता कॅनॉपीवर, म्हणजे बसायच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणावर अडलोय. फ्रेम क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) पाइपची आहे. बिजागऱ्या पुढे, उघडताना मागचं टोक वर जातं. विमानावरच ठेवून वेल्डिंगचे टाके मारले तेव्हा चारी बाजूंनी छान टेकत होती. मग टेबलावर नेऊन पूर्ण वेल्डिंग केलं, तर आता मागचा डावा कोपरा ६ मिमी वर राहतो. हाताने दाबला की टेकतो, सोडला की उठतो.

थोरला म्हणतो, अॅक्रिलिकचा घुमट स्क्रूने आवळला की फ्रेम बसेल खाली. माझं मन धजत नाही. घुमट एकच आहे आणि दुसरा मागवण्याइतके पैसे आता नाहीत.

भुसावळचा वेल्डर:
दादा, घुमटाला अजून हात लावू नका. आधी बिजागऱ्यांच्या पिना काढा आणि फ्रेम नुसती ठेवून बघा. टेकली, तर दोष बिजागऱ्यांच्या रेषेत आहे. तरी उचललेलीच राहिली तर फ्रेमला पीळ बसलाय. त्याआधी बॉडी समपातळीत आहे का, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. घोडीखालची जमीन एका बाजूला खचली की बॉडीच पीळ घेते, आणि आपण उगाच फ्रेमला दोष देतो.

फ्रेमच पिळली असेल तर हातोडा नको. पाइप ज्या बाजूला वळवायचा, त्या बाजूला गॅसने चवलीच्या नाण्याएवढा लाल डाग द्या आणि हवेतच निवू द्या. निवताना ती बाजू आकसते, पाइप तिकडे ओढला जातो. पाणी मुळीच मारू नका, क्रोमोली कडक होऊन तडकते. एक डाग, मग मोजमाप, मगच दुसरा.

जळगाव, अॅक्रिलिकचं काम:
मी पाट्या करतो, विमानातलं कळत नाही, पण अॅक्रिलिक कळतं. ताणून बसवलेलं अॅक्रिलिक लगेच फुटत नाही. डिसेंबरच्या पहाटे स्क्रूच्या भोकापासून चीर निघते.

हिशेब करून बघा. ९०० मिमी लांबीचं अॅक्रिलिक ३५ अंशांच्या फरकाने २ मिमीहून जास्त कमी-अधिक होतं, तेवढंच लोखंड अर्ध्या मिमीलाही पोचत नाही. आपल्याकडे मे आणि डिसेंबरमध्ये एवढा फरक सहज पडतो. म्हणून ४ मिमीच्या स्क्रूला ६ मिमीचं भोक ठेवा, खाली रबरी वॉशर घाला आणि स्क्रू टेकेपर्यंतच फिरवा. साध्या ड्रिलची धार ऑइलस्टोनवर किंचित मारून घ्या, नाहीतर ती आत घुसून कपचा उडवते. कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. पुसायला साबणपाणीच. थिनर किंवा पेट्रोल लागलं तर बारीक चिरांचं जाळं पडतं, ते जात नाही.

अमळनेरकर:
भुसावळच्या भाऊंनी सांगितलं तसं आज केलं. बॉडी समपातळीत आहे. पिना काढल्या तर कोपरा ६ वरून २ मिमीवर आला! म्हणजे बरीचशी चूक डाव्या बिजागरीची. तिचं ब्रॅकेट उद्या काढून नव्याने टाके मारतो, यावेळी विमानावरच, पिना घालून. उरलेल्या २ मिमीला गॅसचा एक डाग देऊन बघेन. घुमट गोधडीत गुंडाळून पुन्हा घरात ठेवलाय.