'मोहीनेर घोडागुली' पुन्हा ऐकताना: तुमचे अनुभव लिहा

कोलकात्याच्या नाकतला भागात १९७५च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे भाऊ-मित्र अशा सात जणांनी 'मोहीनेर घोडागुली' हा बंगाली बँड काढला. १९७७ ते १९७९ या काळात तीन तबकड्या आल्या, १९८१मध्ये सगळं थांबलं. चित्रपटगीतं आणि रवींद्रसंगीत ऐकणाऱ्या शहराला तेव्हा ही गाणी फारशी रुचली नाहीत. नाव घेतलंय बंगाली कवी जीवनानंद दाश यांच्या 'घोडा' या कवितेतून. मोहीनचे घोडे कार्तिकातल्या चांदण्यात माळावर चरताहेत, पण मोहीन कोण, ते कविता सांगत नाही. गाण्यांचंही तसंच आहे. सध्या मी ती परत ऐकते आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर ही गाणी आधी जीव लावतात, अर्थ फार मागाहून येतो. तुम्हाला काय वाटतं? बंगाली येत नसेल तरी जरूर लिहा.

*

माझं सगळं शिक्षण कोलकात्यात झालं. गणपतीत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात मराठी गाणी म्हणायची आणि बाहेर पडलं की मैत्रिणींबरोबर बंगाली. १९९५च्या पुस्तक मेळ्यात गौतमदांनी संपादित केलेली 'आबार बछर कुडी परे' ही कॅसेट आली. बँड थांबून बरीच वर्षं झाली होती, तरी कॉलेजातली मुलं त्याच गाण्यांवर तुटून पडली. त्यात 'पृथिबीटा नाकि' हे गाणं आहे. जग म्हणे लहान होत होत उपग्रह आणि केबलच्या मुठीत आलंय, पण तारे जितके दूर त्याहूनही दूर तू आणि मी हळूहळू सरकतोय, असा त्याचा आशय. केबल तेव्हा घरोघरी नुकती येत होती. आम्ही ते प्रेमाचं गाणं म्हणून गायचो. आज माझी भावंडं वेगवेगळ्या देशांत आहेत, व्हिडिओ कॉलवर रोज दिसतात, आणि दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं मला तिसऱ्याकडून कळतं. आता हे गाणं मला पूर्ण ऐकवत नाही.

*

२००६ साली 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातलं, बांगलादेशी गायक जेम्सने गायलेलं 'भीगी भीगी' नांदेडला आमच्या होस्टेलवर दिवसभर वाजायचं. त्याची मूळ चाल वर उल्लेख झालेल्या बंगाली गाण्याची, हे मला नोकरीत लागल्यावर एका सहकाऱ्याने ऐकवलं तेव्हा समजलं. शब्द एकही कळला नाही. तरी हिंदीतला विरह मला त्यापुढे साधा वाटला.

*

माझं सासर बंगाली. सासूबाई रवींद्रसंगीत शिकलेल्या. या बँडचा कार्यक्रम त्यांनी तरुणपणी ऐकला होता आणि अर्ध्यातून उठून आल्या होत्या. गेल्या पूजेत नातवाने गिटारवर 'हाय भालोबाशी' धरलं. पिकासो, बुन्युएल, दांते, बीटल्स, रविशंकर असं काय काय आवडतं याची त्यात यादी आहे, आणि मग येतं की तरीही काहीच का बरं वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे तेव्हा कळायला हवं होतं." नंतर नातवाला त्यांनी दोन ठिकाणी उच्चार सुधारून दिले आणि पुन्हा गायला लावलं.

*

मी कोल्हापूरकडचा, भजनी मंडळात पेटी वाजवतो. या गाण्यांमागे बाउलांची, म्हणजे बंगालमधल्या फिरत्या साधक-गायकांची परंपरा आहे, हे इथे सांगायला हवं. पिंजरा, पक्षी, नदी असं म्हणत बाउल देहाविषयी बोलतात, आणि सांगायचं ते मुद्दाम झाकून सांगतात. आपल्याकडे मुक्ताबाईंची मुंगी सूर्य गिळते. त्या अभंगाचा अर्थ आमच्या मंडळात दर एकादशीला वेगळा निघतो आणि कुणाला त्यात अडचण वाटत नाही. म्हणून गिटार आणि व्हायोलिन बाजूला ठेवलं तर मला ही गाणी घरचीच वाटतात.

*

मला थोडं वेगळं म्हणायचंय. पहिल्या तबकडीचं नाव आहे 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक', म्हणजे धास्तावलेले पक्षी आणि कोलकाता यांविषयी. साल १९७७, आणीबाणी नुकतीच उठलेली. गौतम चट्टोपाध्याय नक्षलवादी चळवळीत होते, तुरुंगात जाऊन आले होते. त्या शहरातली कितीतरी तरुण मुलं घरी परतलीच नव्हती. मग पक्षी धास्तावलेले का, हे कोडं उरतं का? "गूढ आहे, नुसतं ऐका" म्हटलं की ती मुलंच गाण्यातून पुसली जातात. कुणी नव्याने ऐकणार असेल तर १९९५च्या कॅसेटपासून नको, याच तबकडीपासून सुरुवात करा. तो काळ माहीत करून घ्या आणि बंगाली येणारं माणूस शेजारी बसवून एकेक ओळ विचारा. मी तसंच केलं, आणि गाणं अजिबात लहान झालं नाही.