एकाच तुकडीत नवशिक्या काकू आणि मुरलेले डिलिव्हरीवाले: पुढचा ब्रेक कसा शिकवावा?

प्रश्न:
नाशिकला दुचाकी शिकवते. पन्नाशीतल्या काकू पुढच्या ब्रेकला हात लावत नाहीत. डिलिव्हरीची मुलं म्हणतात, "मॅडम, पुढचा दाबला की माणूस उलटा पडतो." दोघांना एकत्र कसं शिकवू?

उत्तर १:
मुलांना भाषण नको. मैदानात खडूची रेघ मारा. ताशी ३० ने येऊन रेघेवर आधी फक्त मागचा, मग दोन्ही ब्रेक. अंतर त्यांनाच मोजू द्या. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, पकड वाढते, हे तिथेच पटतं. हँडल मात्र सरळ, आणि दाब वाढवत न्यायचा, हिसका नाही.

उत्तर २:
गाडी बघून घ्या. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) असतं. मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतोच. मग फक्त मागचा आणि दोन्ही ब्रेकची तुलना फसेल.

उत्तर ३:
काकूंना आधी वेगळं घ्या, मुलांसमोर नको. इंजिन बंद, गाडी हातानं ढकलत ब्रेक दाबायला लावा. घाबरल्या की अॅक्सिलरेटर आवळला जातो, म्हणून "मूठ सोडा, मग ब्रेक" हे चालतानाच अंगवळणी पडू द्या.

प्रश्नकर्ती:
ढकलण्याचं सुचलंच नव्हतं! रविवारी काकूंना तासभर आधी बोलावते. मुलांसाठी जुनी, सीबीएस नसलेली बाइक शोधते.