मॅग्नेशियम दिल्यावरही बीपी १७०/११२: दुसरा डोस लगेच द्यायचा का?

प्रश्न: ३४ आठवड्यांची गरोदर, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) तीन प्लस, म्हणजे खूप जास्त, एक आकडी येऊन गेलेली (एक्लॅम्पसिया: गरोदरपणात बीपी वाढून येणारी आकडी). मॅग्नेशियम सल्फेटच्या पहिल्या डोसनंतर बीपी उतरत नसेल तर तोच पुन्हा द्यावा का? ५०% इंजेक्शन पातळ कसं करायचं?

उत्तर १: नाही. मॅग्नेशियम आकडीसाठी आहे, बीपीसाठी नाही. ही गल्लत जिवावर बेतते. १६०/११० च्या वर बीपी राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ३० ते ६० मिनिटांत बीपीचं औषध सुरू झालंच पाहिजे. लॅबेटालॉल २० मि.ग्रॅ. शिरेतून सावकाश, १० मिनिटांनी बीपी मोजून गरज असेल तर ४०, मग ८०. दमा असेल तर ते टाळा. पूर्ण शुद्धीवर असेल तर निफेडिपिन १० मि.ग्रॅ. गिळायला द्या, जिभेखाली मुळीच नको. आणि बीपी घाईने १२०/८० वर आणू नका. वारेचा रक्तपुरवठा घटतो, बाळाचे ठोके मंदावतात. १४०-१५०/९०-१०० पुरे.

उत्तर २: २ मि.ली.च्या ५०% अँप्यूलमध्ये (इंजेक्शनच्या छोट्या कुपीत) १ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट असतं. चार अँप्यूल (८ मि.ली.) अधिक १२ मि.ली. सलाईन, म्हणजे २० मि.ली.त ४ ग्रॅम. हे शिरेतून ५ ते १० मिनिटांत. शिवाय दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम खोल, पातळ न करता. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, बाजू बदलून.

प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहा: गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली हलकेच ठोकल्यावर पाय उडणं) येतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला ३० मि.ली. तरी होते का. मॅग्नेशियम लघवीवाटेच बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते रक्तात साठतं. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास. त्यावरचा उतारा, १०% कॅल्शियम ग्लुकोनेट १० मि.ली., उशाशीच ठेवा. १५ मिनिटांनंतरही पुन्हा आकडी आली तर २ ग्रॅम शिरेतून.

उत्तर ३: आकडी चालू असताना डाव्या कुशीवर वळवा, ऑक्सिजन लावा, तोंडात काही कोंबू नका. सलाईन तासाला ८० मि.ली.च्या आत, भरमसाट दिलं की फुप्फुसांत पाणी होतं.

स्थिर झाल्यावर प्रसूती करायचीच, पण बाळ बाहेर आलं म्हणून मॅग्नेशियम बंद नको. प्रसूती किंवा शेवटची आकडी, यांतलं जे नंतर असेल तिथून २४ तास. बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, म्हणजे बाळंतीण घरी गेल्यावर. सुट्टी देताना तिला आणि घरच्यांना धोक्याची लक्षणं स्पष्ट सांगा: डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं. हे शेवटचं ॲसिडिटी समजून सोडून दिलं जातं. असं दुखत असेल तर प्लेटलेट आणि एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) त्याच दिवशी तपासा.