अनुभव धागा: ढोल-ताशा पथकातले चढउतार

पथकांचे सराव सुरू व्हायला आले. नवीन येणारे ढोल, पट्टा, टिपरू (ढोल वाजवायची काठी) याबद्दल विचारतात. मध्येच सोडून जाणारे मात्र मन उतरल्यामुळे जातात. ते कुठे उतरतं, का उतरतं आणि त्यावर काय करता येतं, ते नेमकं लिहा. 'आमच्या वेळी' वाल्या आठवणी नकोत, त्यांचे धागे भरपूर झालेत.

ढोल, मागची रांग

"मागचे पडतायत!" ही बोलणी मागच्या रांगेला ठरलेली. पडतात हे खरं, पण कारण आळस नव्हे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. ताशे सगळे पुढे आणि तुम्ही 34 मीटर मागे असाल, तर ठोका तुमच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. कानावर भरवसा ठेवून वाजवलं की उशीर होणारच. म्हणून नजर पुढच्याच्या टिपरूवर ठेवा, त्याचं उठलं की आपलं उठलं पाहिजे. दोन-तीन ताशे मधल्या रांगांतही उभे करा, आणि त्यांनीही पुढच्या ताशांचे हात बघूनच वाजवायचं.

नदीपात्रातल्या मोकळ्यावर सराव करताना आणखी एक गोष्ट कळत नाही. पुण्यात मिरवणुकीच्या लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परत येतो आणि ठोका दुहेरी ऐकू येतो. सरावात झकास वाजलेलं पथक बेलबाग चौकात विस्कटतं आणि पोरं हबकतात ती इथे. निदान चार सराव मिरवणुकीइतक्याच लांब रांगा लावून घ्या. गोलात उभं राहून केलेला सराव यासाठी कुचकामी.

दोरी-पान बघणारा

ढोल बसला की वाजवणाराही बसतो. आवाज निघेना म्हणून तो जोर लावतो, मनगट भरून येतं, मग 'आपल्याला जमत नाही' सुरू. आधी पान, म्हणजे ढोलाच्या तोंडावरचा ताणलेला पडदा, तपासा. चामड्याचं पान पावसाळी हवेत ओल धरतं आणि ढिलं पडतं. फायबरला तो त्रास नाही, पण दोरी तरीही सैल होतेच. ओढताना एकाच बाजूने ओढत गेलात तर पान तिरकं बसतं आणि थाप बद्द येते. समोरासमोरच्या कड्या आळीपाळीने ओढा. 40 ढोलांमागे चार ताणून तयार ठेवलेले हवेत. फुटलेलं पान रस्त्यात बदलत बसू नका, ढोलच बदला. अंगठी, कडं घरी. थापेच्या बोटांना सांध्यांवर चिकटपट्टी फोड यायच्या आधी लावायची, नंतर नाही.

ताशा

'ताशा मागितला, ढोलावरच ठेवलं' हे दुखणं जुनं आहे. ढोलाचे साधे हात (वाजवायचे ठेके) काही आठवड्यांत बसतात. ताशाला एक मोसम कमीच. लाकडी फळीवर रोज 15 मिनिटं: आधी एकटा डावा हात, मग उजवा, मग दोन्ही, लय सावकाश. डाव्याचा आवाज उजव्याइतका येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. काड्या घट्ट धरल्या की कोपराखालचा हात आखडतो आणि लय पळायला लागते. ताशावाले जोडीने आलटून-पालटून ठेवा. दमलेला ताशा वेग वाढवतो आणि शिव्या ढोलाला बसतात.

कानांबद्दल, थोडक्यात

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच्या सुन्नपणाला लोक 'बाप्पा गेल्याची हुरहुर' म्हणतात. त्यात कानांत वाजणाऱ्या शिट्टीचा वाटा मोठा. 85 डेसिबल आठ तास चालतात असं धरलं, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 ला 15 मिनिटं उरतात. पथकाच्या मधोमध आवाज त्याहून वर जातो. कापसाचे बोळे नकोत, फोमचे प्लग वापरा: पिळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत घाला, फुलेपर्यंत बोटाने दाबून धरा. लय ऐकू येते, घाबरू नका.

मुलींच्या रांगांचं बघणारी

कित्येक तास नुसतं उभं राहायचं आणि चौकात वाजवायला मिळणार काही मिनिटं. चिडचिड होते ती इथे. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, मग चक्कर. मार्गावरची ओळखीची घरं, दुकानं, शाळा आठवडाभर आधी विचारून ठेवा आणि यादी प्रत्येकीच्या मोबाइलवर पाठवा. केळी, चिक्की, मीठ घातलेलं लिंबूसरबत बरोबर ठेवा. वडापाव वाजवून झाल्यावर.

वादनप्रमुख

सर्वांत जास्त माणसं तुटतात ती अंतिम यादीवर. 2024 मध्ये हरित लवादाने पुण्यात पथकामागे 30 जणांची मर्यादा घातली होती. ऐन गणेशोत्सवात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मर्यादा कोर्टाची असो वा मंडळाची, कुणाला वगळायचं हे आयत्या वेळी ठरवलं की वशिल्याचा वास येतो. निकष पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा: किती हजेरी, कोणते हात पाठ, ढोल बांधून सलग किती वेळ. सुपारीचा, म्हणजे वाजवण्याच्या मिळालेल्या पैशांचा, हिशोबही तसाच उघडा ठेवा: टेम्पो, पानं, दोऱ्या, जेवण, उरलेले कुठे गेले. चुका काढायची बैठक विसर्जनाच्या रात्री घेऊ नका. झोप नसते, भांडणं होतात. आठ दिवसांनी घ्या, आधी चित्रफीत दाखवा. निम्म्या तक्रारी बघताबघताच मिटतात.

गिरगावकर

आमच्याकडे पाडव्याची शोभायात्रा असते, त्यामुळे विसर्जनानंतरची पोकळी लांबत नाही. ढोल पुसून, दोऱ्या सैल करून माळ्यावर टाकायचे आणि पाडव्याच्या सरावाची तारीख त्याच बैठकीत ठरवून घ्यायची. उन्हाचं मात्र बघा. मार्चच्या डांबरावर अनवाणी उभं करू नका कुणाला.