विषय: आउफसेसची सहल, नक्की आकडा हवाय

सहल समितीकडून

नमस्कार मंडळी,
शनिवारची आउफसेसची सहल पक्की. जेमतेम दीड हजार वस्तीत बिअर बनवणाऱ्या चार ब्रुअऱ्या, म्हणून २००० साली गिनीज बुकात नोंद झालेलं हे जर्मनीतल्या फ्रँकोनियातलं गाव. चारही ठिकाणं जोडणारी पायवाट सुमारे १४ किमीची आहे. आपण एकच गाठणार. घरचाच कारभार आहे, कार्ड चालत नाही, रोख आणा. आणि नाव दिलंत तर या. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावी ३२ सांगून १९ पोचलो. मालकीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या तेरा खुर्च्या उचलत राहिल्या.

उत्तर:

ताई, नागपूरहून आईबाबा आलेत. दोघंही माळकरी, शिवाय शनिवारी एकादशी. आणू की नको?

उत्तर:

अहो, आणा की! मी दोनदा जाऊन आलोय. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात ढवळतात तेव्हा अख्ख्या अंगणात नाचणी सत्त्वाचा वास सुटतो, तुमच्या आई लगेच ओळखतील. बाबांना सांगा, इथल्या ख्रिस्ती मठांत ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासाला दाट बिअर चालायची, कारण पातळ पदार्थाने उपास मोडत नाही असा नियम. एकादशी अन् दुप्पट खाशी फक्त आपल्याकडेच नाही! मात्र बटाटा उपासाला चालतो म्हणून तिथलं बटाट्याचं सॅलड घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा मांसाचं पाणी असतं. शेंगदाण्याचे लाडू बरोबर ठेवा. प्यायला सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो.

आणि एक, कुणीही १५१६ चा बव्हेरियाचा बिअरच्या शुद्धतेचा कायदा तिथे ऐकवू नये. फ्रँकोनियातल्याच बांबर्गच्या बिशपांचा तसा हुकूम त्याआधीचा, १४८९ चा. फ्रँकोनियाच्या माणसाला बव्हेरियन म्हणणं म्हणजे नागपूरकराला पुणेकर म्हणणं.
– काका

उत्तर:

काका, शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं, आता ते येणारच! ताई, आमची चार नावं लिहा. आई विचारतेय, रस काढून घेतल्यावर जवाच्या चोथ्याचं काय करतात?

उत्तर:

गुरांना घालतात.
– काका

उत्तर:

आई म्हणते, डबा आणते. थालीपिठात घालून बघायचाय.