जुन्या फर्निचरला भडक, चकचकीत रंग: तुमचे अनुभव सांगा

आजोळचं सागवानी फडताळ माझ्याकडे आलंय. पॉलिश पार गेलंय. नवऱ्याला पुन्हा पॉलिशच हवंय, मला हळदी पिवळा रंग, तोही तोंड दिसेल असा. ऑइल पेंट, ड्यूको (थिनरमधला, झटपट वाळणारा रंग) की पीयू (पॉलियुरेथेन)? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. हौशी, धंदेवाईक, सगळ्यांचं स्वागत.

रंधा
सागावर रंग? देवा! बरं, ऐकणार नसालच तर आधी जुनं पॉलिश 120 नंबरच्या सँडपेपरने उतरवा. सागातला तेलकट अंश फिक्या रंगातून डाग होऊन वर येतो, म्हणून मेण काढलेल्या चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात द्या. मग पांढरा प्रायमर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), आणि 180, मग 320 नंबरचा पेपर. पिवळा नि लाल झाकायला कच्चे; खाली पांढरं नसेल तर डबा संपतो तरी लाकूड डोकावतंच. लालाखाली मी राखाडी देतो.

आणि ग्लॉस, म्हणजे चकचकीत रंग, काही म्हणजे काही लपवत नाही. प्रायमर वाळला की खोलीत अंधार करून टॉर्च फळीला आडवा टेकवून बघा. लांबीचे खड्डे, पेपरचे ओरखडे, सगळं सावली टाकतं. ते तिथेच मिटवायचं. रंगाचे हात पातळच, दोन हातांच्या मध्ये 400 चा पेपर पाणी लावून अलगद. रंगवताना पंखा बंद.

पागोळी
रत्नागिरीकडे असाल तर जून ते सप्टेंबर डबा उघडूसुद्धा नका. आमच्याकडच्या पेंटरला गणपतीआधी काम उरकायची घाई. ऑइल पेंटचे ड्रॉवर वरून वाळलेले वाटले म्हणून लावून टाकले, ते चौकटीला असे चिकटले की उघडताना रंगाची सालं निघाली. शेजाऱ्यांच्या ड्यूकोवर पांढुरकी साय आली. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते.

दोन पिल्लांची आई
घरात लहान मुलं असतील तर इकडे लक्ष द्या. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे. त्याआधीच्या पिवळ्या-केशरी ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आमचं टेबल जुनं, रंगावर रंग चढलेलं. कोरडं घासूच दिलं नाही. पाणी मारून घासलं, चिखल कागदात गुंडाळून टाकला आणि तोवर पोरं आजीकडे.

चुनकळी
पांढऱ्याचा विचार असेल तर पाण्यातला एनॅमल घ्या. आमच्या कपाटाची दारं बाहेरून अजून पांढरी आहेत, आतून ऑइल पेंट पिवळट झालाय. उजेड नसला की तो जास्तच पिवळा पडतो.

रंधा
@चुनकळी, बरोबर. पण ब्रशच्या रेघा मिटायला ऑइल पेंट बरा, तो सावकाश वाळतो नि आपोआप पसरतो. काचेसारखी चमक हवी तर पीयूच, आणि तो स्प्रेनेच. घरात मात्र मारू नका, त्याचा फवारा छातीत जाणं वाईट. दारं वर्कशॉपला पाठवा.

फडताळवाली (धागाकर्ती)
दारं पीयू, बाकी सांगाडा ऑइल पेंट चालेल का? छटा जुळेल?

रंधा
एकाच डब्यातला रंग नसल्यामुळे थोडी वेगळी दिसणारच. सांगाडा सरळ दुसऱ्या रंगाचा करा. बिजागऱ्या आधी काढा नि कुठली कुठे होती ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. जुन्या पितळी असतील तर भोकं एकसारखी नसतात.