आंबा-काजू कारखान्यात ईआरपी : गो-लाइव्ह १ एप्रिललाच करावे का?

मिरजोळे_कॅनिंग (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ आमचा आंब्याच्या पल्पचा कौटुंबिक कारखाना आहे, त्याला लागून काजूचे एक युनिट आहे आणि सावंतवाडीकडे काजू बी साठवण्यासाठी भाड्याचे एक गोदाम आहे. हिशेब टॅलीमध्ये, उत्पादनाच्या नोंदी एक्सेलमध्ये आणि आंब्याची आवक कार्बन घातलेल्या पावतीपुस्तकांत, असा आमचा तीन ठिकाणी विभागलेला कारभार आहे. गेल्या वर्षी परदेशातील एका खरेदीदाराने एका डब्यावरचा बॅच क्रमांक पाठवून त्यातील फळ कोणत्या बागायतदारांचे होते, अशी विचारणा केली. पावत्या चाळून उत्तर द्यायला आम्हाला अडीच दिवस लागले. त्यानंतर वडिलांनीच ईआरपी (हिशेब, साठा, उत्पादन एकत्र जोडणारी संगणक प्रणाली) घेण्याचा विषय काढला.

व्हेंडरने (प्रणाली बसवून देणाऱ्या कंपनीने) जो आराखडा दिला आहे, त्यात ऑक्टोबरमध्ये गरजांची नोंद, नोव्हेंबरमध्ये ब्लूप्रिंट (प्रणालीत काम कसे चालेल याचा लेखी नकाशा), डिसेंबर-जानेवारीत मांडणी, फेब्रुवारीत जुना डेटा भरणे, मार्चमध्ये प्रशिक्षण आणि १ एप्रिलला गो-लाइव्ह (नव्या प्रणालीत प्रत्यक्ष काम सुरू), असे टप्पे आहेत. नवे आर्थिक वर्ष, कोऱ्या वह्या, शिवाय पाडवाही आसपासच, म्हणून घरातील ज्येष्ठांना ही तारीख पसंत आहे. मला मात्र ती खटकते, कारण एप्रिलमध्येच कॅनिंगच्या आंब्याची आवक सुरू होते आणि तेव्हापासून मिरगापर्यंत आमच्याकडे कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

दुसरी अडचण अशी की, व्हेंडरच्या प्रात्यक्षिकात आधी खरेदी-आदेश, मग माल, मग बिल, असा क्रम दिसला. आमच्याकडे गाडी वजनकाट्यावर चढते तेव्हा दर ठरलेलाच नसतो. तो संध्याकाळी बाजार पाहून ठरतो आणि मे महिन्यात सकाळचा दर दुपारी टिकेल याचीही खात्री नसते. हे सांगितल्यावर ‘कस्टमायझेशन करू’, म्हणजे आमच्यासाठी प्रणालीत खास बदल करू, असे उत्तर मिळाले. ज्यांनी हंगामी उद्योगात असे काम केले आहे, त्यांनी टप्पे कसे आखले आणि कोठे अडले, हे कृपया लिहावे.

अंमलबजावणी_सल्लागार (चिपळूण)

आपली शंका रास्त आहे. तारीख आर्थिक वर्षावरून ठरवणे ही व्हेंडरच्या सोयीची पद्धत आहे. कारखान्याने ती स्वतःच्या गोदामावरून ठरवावी. ज्या दिवशी मोजण्यासारखा माल कमीत कमी असेल, अर्धवट प्रक्रियेतील माल जवळजवळ नसेल आणि पुढचे तीन महिने हंगामाचा ताण नसेल, असा दिवस शोधावा.

या प्रकारच्या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीचे आहे. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरच्या त्या प्रकल्पाला ४८ महिने लागतील असे सुचवले गेले असताना कंपनीने तो ३० महिन्यांत बसवला. एप्रिल १९९९ ची तारीख पुढे गेली आणि नवी प्रणाली जुलैमध्ये, म्हणजे हॅलोवीनच्या मागण्या येण्याच्या तोंडावर, सुरू झाली. माल तयार होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुरवता आल्या नाहीत. त्यांचा हॅलोवीन तसा आपला हापूस. फरक एवढाच की चॉकलेट गोदामात पडून राहू शकते, आढीतला आंबा कोणासाठी थांबत नाही.

आपल्या दोन्ही मालांचा विचार केला तर पावसाळा सुचेल, कारण जुलैमध्ये पल्पचे डबे भरून, कोड मारून, मोजण्यासारखे रचलेले असतात. परंतु त्याच वेळी काजू बीचे गोदाम वर्षातील सर्वाधिक भरलेले असते, दमट हवेमुळे वजने हलतात आणि वीज-इंटरनेटचा भरवसा नसतो. पुढे गणपती आणि त्यामागोमाग दिवाळीपूर्वीची काजूगराची रवानगी येते. म्हणून मी १ जानेवारी सुचवीन. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, बीचा साठा उतरणीला लागलेला असतो आणि तिमाही नव्याने सुरू होते. काजू आणि हिशेब तेव्हा सुरू करावेत. आंब्याची आवक एप्रिलमध्ये जोडावी, तोपर्यंत माणसांचा हात बसलेला असतो. यासाठी गरजांची नोंद मात्र ऑक्टोबरमध्ये करून चालणार नाही. ती आदल्या मे महिन्यात, चालू हंगामात, वजनकाट्याशेजारी उभे राहून करावी लागेल. ऑक्टोबरमध्ये एसी खोलीत बसून माणसे प्रक्रिया जशी असायला हवी तशी सांगतात, जशी आहे तशी सांगत नाहीत.

खरा वेळ मास्टर डेटात (वस्तू, प्रती, बागायतदार यांच्या मूळ याद्यांत) जातो आणि व्हेंडरच्या तक्त्यात त्याला एक महिना दिलेला पाहून मला आश्चर्य वाटले नाही. काजूचेच घ्या. एका पोत्यातील बीमधून अखंड गर, पाकळी, तुकडा, कणी आणि टरफल निघते. अखंड गरात पुन्हा डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रती (आकडा जितका लहान, तितका गर मोठा). बहुतेक प्रणालींची मूळ रचना अनेक कच्च्या मालांतून एक पक्का माल, अशी असते. आपले उलट आहे. बीची किंमत या सर्व प्रतींत कोणत्या प्रमाणात वाटायची, वजनाच्या की विक्रीमूल्याच्या, हा निर्णय मालकाने आणि हिशेबनिसाने ब्लूप्रिंटपूर्वी घ्यायचा असतो. तो व्हेंडरच्या मुलांवर सोडला तर ते वजनाचे प्रमाण घेतील आणि कणी व डब्ल्यू-१८० यांचा किलोमागचा खर्च एकच दिसू लागेल.

दराच्या प्रश्नासाठी कस्टमायझेशनची घाई करू नका. तात्पुरत्या दराने माल आत घेऊन दर ठरल्यावर तो दुरुस्त करण्याची सोय पुष्कळ प्रणालींत मुळातच असते. व्हेंडरला ती आपल्या पावत्या घेऊन करून दाखवायला सांगा. पीपीटीवर नको, स्क्रीनवर. माझा नियम असा की, कायद्यासाठी किंवा पैशांच्या अचूकतेसाठी आवश्यक असेल तरच कोड बदलावा, ‘आम्ही नेहमी असेच करतो’ एवढ्या कारणासाठी नाही. कारण असा प्रत्येक बदल प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा तपासावा लागतो.

सर्व्हर कारखान्यातच ठेवणार असाल तर तळमजल्यावर ठेवू नका. जुलै २०२१ चा पूर आम्ही चिपळूणकरांनी पाहिला आहे, त्यामुळे यावर अधिक लिहीत नाही.

लेखापाल_कुडाळ

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. मात्र १ जानेवारी ही तारीख लेखापालाला वाटते तितकी निरुपद्रवी नाही, हे नोंदवून ठेवते. नऊ महिने एका प्रणालीत आणि तीन महिने दुसऱ्या प्रणालीत असे वर्ष विभागले की लेखापरीक्षणाच्या वेळी दोन्हींचा मेळ घालावा लागतो. तो जमतो, पण त्याची तयारी आराखड्यात स्वतंत्र टप्पा म्हणून लिहिलेली असावी. ३१ डिसेंबरची तेरीज (ट्रायल बॅलन्स), पक्षनिहाय आणि बिलनिहाय येणी-देणी, बॅचनिहाय साठा आणि बागायतदारांना हंगामापूर्वी दिलेली उचल, या चारही याद्यांच्या बेरजा जुन्या व नव्या प्रणालीत पैशापर्यंत जुळल्यावर त्या कागदावर मालकांनी सही करावी. उचलीची यादी बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी खासगी डायरीत असते आणि गो-लाइव्हनंतर तिसऱ्या आठवड्यात ती उगवते.

जुना सगळा इतिहास नव्या प्रणालीत ओतण्याचा आग्रह धरू नये. कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या ८ वर्षे जपाव्या लागतात. त्यासाठी जुनी प्रणाली केवळ वाचण्यापुरती चालू ठेवली तरी पुरते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून फेरफारांची नोंद ठेवणारी, बंद करता न येणारी सोय असणे बंधनकारक आहे, तेव्हा निवडलेल्या प्रणालीत ती आहे का आणि डेटाबेसमध्ये थेट केलेले बदलही त्यात उमटतात का, हे व्हेंडरकडून लेखी घ्यावे. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यास ई-इन्व्हॉइसची जोडणी गो-लाइव्हच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर यूएटीमध्येच (सुरू करण्यापूर्वी वापरणाऱ्यांनीच घ्यायच्या चाचणीत) तपासावी.

यूएटीसाठी माझी एक आवडती चाचणी आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर महिन्याच्या मध्येच बदलले. त्या तारखेच्या अलीकडचे एक आणि पलीकडचे एक बिल करायला सांगा. प्रणालीत दर वस्तूला कायमचा चिकटवलेला असेल, तर ती तेथेच उघडी पडते.

शीतगृह_मिरकरवाडा

मी सल्लागार नाही, एका मासळी निर्यात युनिटच्या शीतगृहाचा प्रमुख आहे. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हे सर्व झाले, त्यातील आमच्या चुका लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने मोकळे म्हणून आमच्या व्यवस्थापनाने त्यात मांडणी आणि प्रशिक्षण उरकले व ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बोटी बाहेर पडताच, गो-लाइव्ह केले. कागदावर ते फार नीट दिसत होते. प्रत्यक्षात प्रशिक्षणाच्या काळात कारखान्यात मासळीच नसल्याने लोकांनी सराव खोट्या नोंदींवर केला आणि हंगामी कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जण तर ऑगस्टमध्येच रुजू झाले. त्यांना कोणी काही शिकवलेच नव्हते.

पहिल्याच दिवशी बारकोडने घात केला. कार्यालयात चाचणी घेतलेली लेबले उणे १८ अंशांच्या खोलीत खोक्यांवरून सुटून खाली पडू लागली. त्या थंडीत चिकटणाऱ्या गोंदाचे लेबल वेगळे मागवावे लागते, हे कोणाच्याही यादीत नव्हते. हातमोजे घालून स्कॅनरची बटणे दाबता येत नव्हती. जाड भिंतींमुळे आत वाय-फाय पोहोचत नव्हते, त्यामुळे मुलगा खोके स्कॅन करून दाराशी येई, नोंद गेली का पाही आणि परत आत जाई. चौथ्या दिवशी आम्ही मुकाट्याने खडू आणि पाटीवर आलो. संगणकातला साठा आणि खोलीतला साठा पुन्हा जुळवायला दिवाळी उजाडली.

तुमच्याकडे थंडी नसेल, पण काजूच्या युनिटमध्ये तेल आणि पल्पच्या विभागात पाणी व वाफ आहेच. म्हणून यूएटी कार्यालयात करू नका. जेथे नोंद होणार आहे तेथे, जी बाई प्रतवारीच्या टेबलावर बसते तिच्याच हातून, चालू पाळीत करा. आमच्याकडे नंतर स्क्रीन मराठीत केली, पर्याय चारावर आणले आणि प्रत्येक प्रतीसमोर नमुन्याचे चित्र टाकले. त्या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा आधीच्या तीन प्रशिक्षणांनी पडला नव्हता.

आणखी एक. व्हेंडरची माणसे पहिले दोन हंगामी आठवडे, रात्रपाळीसह, कारखान्यात राहतील असे करारात लिहून घ्या. आमच्या करारात ‘सपोर्ट’ एवढाच शब्द होता आणि तो पुण्याहून फोनवर मिळत असे.

मिरजोळे_कॅनिंग (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल ही चर्चा छापून वडिलांसमोर ठेवली. हर्शीची गोष्ट त्यांनी दोनदा वाचली आणि पाडव्याचा विषय आपणहून सोडला.

ठरले ते असे. गरजांची नोंद येत्या हंगामात वजनकाट्यावर होईल. व्हेंडरची दोन माणसे मे महिन्यात आठ दिवस येथे राहतील, त्याचे पैसे वेगळे देऊ. काजू व हिशेब त्यानंतरच्या १ जानेवारीला आणि आंबा त्यापुढच्या एप्रिलला. म्हणजे सहा महिन्यांचा प्रकल्प वर्षभराचा झाला. व्हेंडर नाराज आहे, कारण त्याचा शेवटचा हप्ता गो-लाइव्हला बांधलेला आहे. त्या हप्त्याचे दोन भाग करायला आम्ही तयार आहोत. काजूच्या खर्चाची वाटणी विक्रीमूल्यावर करण्याचे मान्य झाले. काजूच्या यूएटीला आमच्या प्रतवारीच्या टेबलावरच्या मावशी बसतील, त्या गेली बावीस वर्षे डोळ्यांनी डब्ल्यू-२४० ओळखतात. त्यांनी पहिल्याच भेटीत व्हेंडरच्या यादीतून एक प्रत सुटल्याचे दाखवून दिले.

एक बारीक शंका उरली आहे. आम्ही बागायतदारांना हंगामात रिकामे क्रेट देतो. ते भरून येतात, काही परत येतच नाहीत, काही दुसऱ्याच कारखान्याचे येतात. व्हेंडर म्हणतो की, क्रेट ही स्थिर मालमत्ता (फिक्स्ड अ‍ॅसेट) म्हणून नोंदवा. ते बरोबर आहे का?

लेखापाल_कुडाळ

हिशेबात स्थिर मालमत्ता म्हणून एकूण रक्कम राहू द्या, पण प्रत्येक क्रेट मालमत्तेच्या नोंदवहीत चढवत बसू नका. क्रेटसाठी साठ्यात शून्य किमतीची वस्तू उघडा, प्रत्येक बागायतदाराच्या नावे एक आभासी गोदाम करा आणि क्रेट दिले-आले की फक्त बदलीची नोंद घाला. हंगामअखेर उचल वळती करताना ती यादी समोर ठेवता येते.

अंमलबजावणी_सल्लागार (चिपळूण)

आणि रिकाम्या क्रेटचे वजन मास्टरमध्ये घालायला विसरू नका. वजनकाट्यावरून येणाऱ्या आकड्यातून ते आपोआप वजा व्हायला हवे. जुने आणि नवे क्रेट वेगवेगळ्या वजनांचे असतील तर दोन वस्तू उघडा. दुसऱ्या कारखान्याच्या क्रेटसाठी तिसरी.

मिरजोळे_कॅनिंग (प्रश्नकर्ता)

आताच पाच-पाच क्रेट काट्यावर ठेवून पाहिले. जुना आणि नवा यांत क्रेटमागे सुमारे दोनशे ग्रॅमचा फरक निघाला. इतकी वर्षे आम्ही दोन्हींना एकच वजन धरत होतो. दोन वस्तू उघडतो.